पंचेचाळीस अंश आत

“साखळीवरचा पाय काढा!” मी लांबून ओरडलो.

“पाय मी न्हाई ठिवला, साहेब,” तो माणूस जागचा न हलता म्हणाला. “मी हितंच हुबा हुतो. तुमची साखळी माज्या पायाखाली आली.”

माझा मोजणीचा गडी तोंड फिरवून हसला. मला हसू आले नाही. मी बावीस वर्षांचा होतो, टेक्निकल कॉलेजातून ओव्हरसियर होऊन बाहेर पडल्याला आठ महिने झाले होते, आणि मोजणीच्या साखळीवर पाय पडला की माप बिघडते, यापलीकडे जगात फारसे काही बिघडते असे मला वाटत नव्हते.

एकोणीसशे पन्नासचा मे महिना होता. ज्या माळाभोवती मी साखळी फिरवत होतो त्याला गाव ‘सेटलमेंट’ म्हणे. इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. त्या कायद्याखाली कैकाडी आणि आणखी दोन-तीन जमातींची कुटुंबे गिरणीच्या मागे तारेच्या कुंपणात आणून ठेवली होती. मोठ्यांनी दिवसातून तीनदा हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा, आणि मूल सोळा वर्षांचे झाले की बोटांचे ठसे घेऊन त्याचे नाव हजेरीपटात चढवायचे, असा तिथला शिरस्ता होता. तो कायदा आदल्या ऑगस्टात रद्द झाला. त्या दिवशी लोकांनी कुंपणाचे लाकडी खांब उपटले आणि त्यांच्या जाळावर गोडाचा स्वयंपाक केला. आता जागेचे नाव ‘वसाहत’ झाले होते. तिच्यासाठी गावातल्या प्रतिष्ठितांची कमिटी नेमली गेली होती आणि त्या कमिटीने आमच्या बांधकाम खात्याकडे नवे कुंपण मागितले होते. तार जाऊन नऊ महिने झाले तरी गाव त्या लोकांना ‘तारेतले’च म्हणत होते.

साखळीवर उभा असलेला माणूस यल्लप्पा जाधव. वय पन्नाशीचे. सकाळच्या पाळीला गिरणीत कामाला, आणि दुपारनंतर दारात बसून लवचीक फांद्यांच्या, फोकांच्या टोपल्या विणणारा.

“कशाची मोजणी वो?” त्याने विचारले.

“कुंपणाची.”

त्याने पाय साखळीवरून काढून शेजारी ठेवला, तोही अगदी हळू, जणू साखळी जिवंत होती.

मला वाटले, याला नीट समजावून सांगितले पाहिजे. मी उकिडवा बसलो आणि खुंटीने मातीत आकृती काढली. “हा खांब. लोखंडी. वर हा हात, पंचेचाळीस अंशात वाकवलेला. हातावर तीन काटेरी तारा. हात बाहेरच्या बाजूला. बाहेरून कोणी चढू लागला की तारा त्याच्या डोक्यावर येतात. त्याला आत येता येत नाही.”

“म्हंजी चोर भायेरचा?”

“बाहेरचाच. कुंपण तुमच्या रक्षणासाठी आहे. नकाशावर तसे लिहिले आहे.”

“लिवलंय?”

“‘वसाहतीच्या संरक्षणार्थ.’ मीच लिहिले आहे.”

यल्लप्पा माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग इतका मोठ्याने हसला की दोन दारांतून बायका डोकावल्या. “शेवंते! ए शेवंते, हिकडं ये! साहेब काय म्हंत्यात ऐक. आपल्याकडं चोरी हुती म्हनं! सरकारनं लिवलंय!” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “गावात कुनाची म्हस वाट चुकली तरी आमच्या चुली उकरून बगायचे, साहेब. आन् आमच्या कोंबड्या गेल्या तर फौजदार म्हनायचा, तुमीच खाल्ल्या आसतील.”

शेवंता त्याची मुलगी. कायदा गेला त्यानंतरच्या महिन्यात तिला सोळावे संपले होते. हजेरीपटात नाव न चढता मोठी झालेली त्या माळावरची ती पहिली. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास होती आणि बारा जूनला परगावच्या ट्रेनिंग कॉलेजात मास्तरीण व्हायला जाणार होती. तिने आकृतीकडे पाहिले आणि विचारले, “फाटक आसंल का?”

“असेल.”

“फाटकावर पास?”

“पास कशाचा? कायदा गेला. तुम्ही केव्हाही जा, केव्हाही या.”

“सबूद का, साहेब?” यल्लप्पाने विचारले.

“शब्द,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर माझ्या आधी तीस-पस्तीस माणसे पहारी घेऊन उभी होती. अठराशे चाळीस फुटांची लांबी, दर दहा फुटांवर खांब, एकूण एकशे चौऱ्याऐंशी खड्डे. सरकारी मजुरांना त्या मुरमात दोन आठवडे लागले असते. या लोकांनी सहा दिवसांत खणले आणि कोणी त्यांना बोलावले नव्हते. शेवंता प्रत्येक खड्ड्याजवळ एक दगड ठेवून त्यावर गेरूने आकडा घाली. तिचे आकडे माझ्या आकड्यांपेक्षा सुबक होते, हे मी तिला सांगितलेही.

“ह्याला फी पडंल, साहेब,” ती म्हणाली. “मास्तरीन हाय मी.”

सातव्या दिवशी नकाशा मंजूर होऊन परत आला. हाताशेजारी मी काढलेला बाण तांबड्या पेन्सिलीने खोडला होता आणि त्याच्या उलट दिशेला दुसरा बाण काढून लिहिले होते : ‘आतील बाजूस.’

मी नकाशा घेऊन मिरीकर साहेबांकडे गेलो. हे माझे वरिष्ठ, डेप्युटी इंजिनियर. पेन्शनीला दोन वर्षे राहिली होती आणि ती दोन वर्षे कोणतीही खळखळ न होता जावीत एवढीच त्यांची इच्छा होती.

“साहेब, बाण चुकून उलटा पडला आहे.”

“चुकून नाही. कमिटीची सूचना आहे.”

“पण हात आत वळवला तर...”

“नेरकर, कुंपणाचा हात कोणाकडे वाकवतात?”

“जो ओलांडेल अशी शंका असते त्याच्याकडे.”

“परीक्षेत पैकीच्या पैकी,” मिरीकर म्हणाले आणि पुढची फाइल उघडली. “जा आता. खांब उभे करा.”

पुढच्या दोन दिवसांबद्दल मला आजवर कोणी जाब विचारलेला नाही, म्हणून तो मीच देतो. मी खांब उभे केले. सकाळी सातला काम सुरू करत होतो आणि यल्लप्पाची पाळी सुटण्याआधी आवरत होतो. खांब तोच, कोन तोच, तारा तेवढ्याच, फक्त फिरवून लावायचा, असे मी स्वतःला सांगत होतो. दोन सकाळींत सव्वीस खांब कॉंक्रीटमध्ये बसले. शेवंता दोनदा येऊन पाहून गेली. दोन्ही वेळा मी मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावून बसलो होतो, बघण्यासारखे समोर काही नसताना.

तिसऱ्या दिवशी यल्लप्पा मला गाठायला पाळी अर्धी टाकून आला. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू तसेच होते. तो सव्वीसही खांबांच्या बाजूने चालत गेला, घरात शिरला आणि दोन वस्तू घेऊन बाहेर आला. एक भाकरीची टोपली आणि एक कोंबड्या ठेवायचे डालगे. दोन्ही त्याने माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

“ही टोपली. कड बगा, साहेब. भायेर वळिवल्याली. हात घालावा, भाकरी घ्यावी. आन् ह्ये डालगं. ह्याचं तोंड आत वढल्यालं. कशापाई?”

मी डालग्याच्या आत वळलेल्या कडेवरून बोट फिरवले.

“कोंबडी उडाली तर तिचं डोकं कडंला आपटाय पायजे. म्हनून.” त्याने डालगे उचलून माझ्या हातात दिले. “तुमी शिकल्यालं मानूस. मी फोक वाकवून पोट भरतो. फोक कुनीकडं वाकिवला त्याच्यावरनं कळतं, आत काय ठिवायचं हाय.”

“वरून हुकूम आला,” मी म्हणालो.

“हुकूम न्हाई इचारत. मानसांनी सा दिस खड्डं खनलं. पोरीनं दगडावर आकडं घातलं. तिनं कशाचं आकडं घातलं, तेवढं तिला सांगा.”

शेवंता थोड्या अंतरावर होती. सत्ताविसाव्या खड्ड्याशेजारी बसून ती दगडावरचा आकडा ओल्या फडक्याने पुसत होती. तिथपर्यंतचे सव्वीस तिने पुसले होते की नाही, हे मी वळून पाहिले नाही.

“आनखी एक सांगतो, साहेब,” यल्लप्पा म्हणाला. आवाज अगदी साधा होता, हवापाण्याचे बोलावे तसा. “मी पंचवीस वरसं त्या तारंत काडली. इंग्रजाच्या कुंपनाला हात नव्हतं.”

त्या दिवशी मी काम बंद ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉइंग बोर्डावर कोरा कागद ताणून बसवला.

आमच्या कॉलेजात ड्रॉइंगचे एक मास्तर होते. मंजूर नकाशात बदल झाला तर काय करायचे, हे त्यांनी आम्हाला पट्टीच्या धाकाने शिकवले होते. नकाशा नव्याने काढायचा, कोपऱ्यात चौकट आखायची, तीत बदल लिहायचा, बदलाचे कारण लिहायचे आणि ज्याने बदल सुचवला त्याची सही घ्यायची. सही नसेल तर मूळ नकाशा कायम. “रेघ खोडायला रबर पुरतं,” ते म्हणत, “का खोडली ते सांगायला माणूस लागतो.” तांबड्या पेन्सिलीखाली कोणाची सही नव्हती.

मी चौकट आखली आणि शाईने, छापल्यासारख्या अक्षरांत लिहिले :

बदल : खांबाचा हात ४५ अंश, बाहेरील बाजूऐवजी आतील बाजूस.

कारण : वसाहतीतील रहिवाशांस बाहेर जाण्यास प्रतिबंध करणे.

बदल सुचविणार : अध्यक्ष, वसाहत कमिटी.

शाई वाळल्यावर गुंडाळी काखेत मारली आणि अध्यक्षांच्या घरी गेलो.

अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब मोहोळकर. बेचाळीसच्या चळवळीत अठरा महिने तुरुंगात काढलेले. गावात त्यांच्याबद्दल वाकडा शब्द कोणी बोलत नसे, मीही नाही. पंधरा ऑगस्टला त्यांच्या हातून झेंडा चढताना पाहायला मी शेजारच्या तालुक्यातून सायकलवर आलो होतो. ते ओसरीवर रायवळ आंबे चोखत बसले होते. मागे भिंतीवर तुरुंगातल्या सोबत्यांचे छायाचित्र होते.

“या, या, ओव्हरसियर. बसा. आंबा घ्या. काम कसं चाललंय?”

“आपली एक सही हवी होती.”

नकाशा त्यांनी हात पुसून कौतुकाने उलगडला. चौकटीपाशी आले आणि थांबले.

“हे काय लिहिलंय?”

“बदलाचे कारण.”

“असं उघडंवाघडं लिहितात का? ‘संरक्षणार्थ’ लिहा की. आधी होतं तसं.”

“कोणाच्या संरक्षणार्थ?”

“वसाहतीच्या.”

“तर मग हात बाहेर हवा, भाऊसाहेब.”

“बरं, गावाच्या लिहा.”

“गावाच्या संरक्षणार्थ वसाहतीभोवती कुंपण. लिहितो. कोणापासून, तेही लिहावे लागेल.”

भाऊसाहेबांनी आंबा ताटलीत ठेवला. “नेरकर, तुम्ही तरुण आहात. या लोकांचं वाईट व्हावं असं मला वाटतं का? पिढ्यानपिढ्यांची सवय आहे, ती एका ठरावानं जात नाही. थोडी शिस्त लागते. फाटक संध्याकाळी सातला बंद होईल, एवढंच. पास नाही, हो! साधी नोंद. आणि हजेरी हा शब्दच आम्ही काढून टाकलाय. रोज सकाळी उपस्थिती घेतली जाईल.”

“उपस्थिती.”

“हां. शब्दांनी फरक पडतो.”

“तसं असेल तर या चौकटीतले शब्द राहू द्या,” मी म्हणालो. “भाऊसाहेब, आपण अठरा महिने जिथे होतात, तिथल्या भिंतीवर तार होती?”

“होती.”

“कुणीकडे वाकलेली?”

त्यांनी नकळत मागच्या छायाचित्राकडे पाहिले. छायाचित्रात भिंत होती, तारही होती. इतकी वर्षे ते चित्र डोक्यामागे असून त्यांनी तारेकडे कधी पाहिले नसावे.

“तुम्ही माझी आणि त्यांची तुलना करता?” ते उठून उभे राहिले. “मी देशासाठी गेलो होतो! हे लोक चोर होते, चोर!”

“शेवंता जाधव सोळा वर्षांची आहे. तिने काय चोरले ते सांगा. कारणाच्या रकान्यात तेही लिहितो.”

“निघा,” ते म्हणाले.

“सही?”

“मी असल्या कागदावर सही करत नसतो!”

“तर मूळ नकाशा कायम,” मी म्हणालो आणि गुंडाळी बांधली. बाहेर पायरीवर आल्यावर माझ्या लक्षात आले की पायांत वहाणा नाहीत. परत जाऊन त्या घातल्या. शूर माणसाचे निघणे असे नसते.

मिरीकर साहेबांनी ती चौकट दोनदा वाचली आणि चष्मा काढला. “कायदा नसताना खात्यानं माणसं कोंडायचं बांधकाम केलं, असं हे कागदावर बोलतंय,” ते म्हणाले. “अध्यक्षांची सही नाही?”

“नाही.”

“तर हा कागद मी पाहिला नाही. आणि तांबडी पेन्सिलही मी पाहिली नाही.” मग चष्मा पुन्हा चढवून, “हात बाहेर करा. आणि बदलीची तयारी ठेवा.”

सव्वीस खांब फोडून काढले. यल्लप्पाच्या माणसांनी पहारी आणल्या, पण या वेळी कोणी हसत नव्हते. नऊ दिवसांत एकशे चौऱ्याऐंशी खांब उभे राहिले, सगळ्यांचे हात बाहेर. यल्लप्पा शेवटच्या खांबापाशी आला, मान वर करून पाहिले आणि म्हणाला, “आता टोपली झाली. पर साहेब, आमी टोपली मागितली हुती कुठं?”

याचे उत्तर गावाने दिले.

तिसऱ्या दिवशी माळाशेजारच्या बंगल्यांतले आठ-दहा गृहस्थ कचेरीत आले. एक वकील होते, एक पेढीवाले, एक हेडमास्तर. तिघेही एकदम बोलत होते.

“ते हात आमच्याकडे का रोखलेत?”

“म्हणजे आम्ही कुंपण चढणार? त्यांच्या घरात? आम्ही?”

“माझ्या मुलीला पाहायला लोक येतात हो! गच्चीतून काय दिसतं त्यांना? काटे आमच्या अंगावर!”

मिरीकर साहेबांनी शांतपणे विचारले, “तर मग हात आत वळवायचे का? सही कोण करतं?”

सही कोणीच केली नाही. अपमान सगळ्यांचा झाला होता, पण कारण लिहायला एकही पुढे येईना. चार दिवसांनी सगळे हात करवतीने कापायचा हुकूम आला, आणि नुसते खांब बोडके दिसू लागले तेव्हा बंगलेवाल्यांनीच अर्ज केला की हे ओंगळवाणे कुंपण काढून टाकावे. पावसाळा संपायच्या आत ते निघाले. मी तेव्हा तिथे नव्हतो. माझी बदली खानदेशात एका धरणाच्या कामावर झाली होती.

निघण्याच्या आधी बारा जूनची सकाळ मात्र मी पाहिली. शेवंता पत्र्याची पेटी घेऊन आली. फाटकाचे दोन खांब अजून उभे होते, फाटक बसले नव्हते. ती खांबांमधून गेली नाही. दहा पावले बाजूने, जिथे तार ओढायची राहिली होती, तिथून माळ उतरून गेली. यल्लप्पा तिच्यामागे चालत होता, पेटी तिने त्याला धरू दिली नव्हती.

एक्याण्णव साली तिचे पत्र आले. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होत होती. माळावरच्याच शाळेत सत्कार होता आणि मी यावे अशी तिची इच्छा होती. यल्लप्पा जाऊन बरीच वर्षे झाली होती. मीही तोवर पेन्शनीत निघालो होतो.

समारंभ झाल्यावर तिने मला वस्ती दाखवली. घरे पक्की झाली होती. कुंपण कुठेच नव्हते. मी तसे म्हणालो, थोड्या समाधानाने म्हणालो, हे कबूल करतो.

“नाही ना?” शेवंताबाई म्हणाल्या. त्यांची भाषा आता पुस्तकासारखी झाली होती. “या, गच्चीवर चला.”

शाळेच्या गच्चीवरून चारही दिशा दिसत होत्या. पूर्वेला बंगल्यांच्या जागी एक सोसायटी, दक्षिणेला दुसरी, पश्चिमेला गिरणीच्या मोकळ्या जागेवर तिसरी, उत्तरेला एक इंग्रजी शाळा. प्रत्येकीला उंच भिंत. प्रत्येक भिंतीवर लोखंडी हात, हातांवर तीन तारा. सगळ्यांचे हात आपापल्या आवारापासून बाहेर वाकलेले. म्हणजे चारही बाजूंनी आमच्याकडे.

मी एकेका भिंतीकडे पाहत वळत गेलो. कोन मोजायची गरज नव्हती.

“यातल्या कुठल्याच नकाशावर चूक काढता येणार नाही तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांवर ‘संरक्षणार्थ’ लिहिलेलं असणार. सह्याही असतील.”

खाली कोणाचे तरी कोंबडे आरवले.

“आमच्या आप्पांनी शेवटी विणकाम सोडलं होतं,” शेवंताबाई म्हणाल्या. “मी कारण विचारलं, तर इथे उभं राहून असंच बोट फिरवलं त्यांनी. म्हणाले, डालगं विणायचं काम आता गावानं घेतलंय.”